सिरीयल लिंकवरचा राऊटर दर दोन-तीन दिवसांनी बंद पडतोय, दोन राऊटर बदलून झाले तरी तेच

रात्रपाळी:

नमस्कार मंडळी, मदत हवीये, आता डोकं चालेनासं झालंय.

आमच्या दोन ऑफिसांमध्ये ई१ लीज लाईन (टेलिकॉम कंपनीकडून भाड्याने घेतलेली डिजिटल लाईन) आहे, २ एमबीपीएस, दोन्हीकडे सिस्कोचे जुने राऊटर, सिरीयल कार्ड, एचडीएलसी एन्कॅप्स्युलेशन (लिंकवर डेटा बांधून पाठवायची पद्धत), मध्ये ई१ ते व्ही-३५ कन्व्हर्टर (व्ही-३५ म्हणजे राऊटरच्या सिरीयल पोर्टची जोडणी). कॉन्फिगरेशन साधंच आहे, आयपी अ‍ॅड्रेस आणि स्टॅटिक राऊट, बाकी काही नाही. वर्षानुवर्षं चालत होतं. गेले सहा आठवडे आमच्या बाजूचा राऊटर दर दोन-तीन दिवसांनी बंद पडतो, हल्ली तर रोज. बहुतेक वेळा दुपारीच. पडला की आम्ही यूपीएसचा स्वीच बंद करतो, दहा मिनिटं थांबतो, परत चालू करतो आणि लगेच सगळं नीट सुरू होतं. दुसऱ्या दिवशी परत तेच.

आत्तापर्यंत केलेलं सांगते. राऊटर बदलला, तोही पडला. मग तिसरा लावला, सिरीयल कार्डसकट, तरी फरक नाही. आयओएस (राऊटरचं सॉफ्टवेअर) बदलून बघितलं. लाईन देणाऱ्यांकडे तक्रार केली, त्यांनी रात्री टेस्ट लावली आणि लाईन क्लीन आहे म्हणून तिकीट बंद केलं. आमच्या राऊटरवर सीआरसी एरर (खराब होऊन आलेल्या पॅकेटांचा आकडा) शून्य दिसतात त्यामुळे लाईनला नाव ठेवायला माझ्याकडेही काही नाही. पलीकडच्या ऑफिसात बिलिंगची माणसं रोज दुपारी हात बांधून बसतात आणि फोन मला येतात. चौथा राऊटर मागवायचा का हे मला उद्या सांगायचंय.

गेटवे२४:

आमच्याकडे असंच व्हायचं, लाईन प्रोटोकॉल सारखा खालीवर. सिरीयल इंटरफेसवर दोन्हीकडे ‘नो कीपअलाईव्ह’ टाका, परत पडणार नाही.

तांब्याचीतार:

कृपा करून हे करू नका. ‘नो कीपअलाईव्ह’ टाकलं की इंटरफेस वर दिसतो एवढंच, लिंक सुधारत नाही. राऊटर दर १० सेकंदांनी पलीकडच्याला एक छोटं पॅकेट पाठवतो, तोच कीपअलाईव्ह, तीन वेळा उत्तर जुळलं नाही की म्हणतो लाईन प्रोटोकॉल डाऊन, म्हणजे साधारण अर्ध्या मिनिटात कळतं. ते बंद केलं की लिंक मेलेली असली तरी स्टॅटिक राऊट टेबलात तसाच राहतो, ट्रॅफिक त्यात जाऊन गडप होतो, आणि उद्या तुम्ही बॅकअप लाईन घेतलीत तर तिच्यावर काही वळणारच नाही. ताप मोजायचा नाही म्हणून थर्मामीटर फेकून देण्यासारखं आहे ते.

ताई, चौथा राऊटर मागवू नका अजून. तीन वेगवेगळे राऊटर एकाच जागी एकाच पद्धतीने मरतात यावर माझा विश्वास बसत नाही. मला तर वाटतंय राऊटर बंद पडतच नाहीये. तुम्ही बंद पडला म्हणता तेव्हा नक्की काय दिसतं? कन्सोलवर (राऊटरला थेट केबल लावून) लॉगिन होतं का? होत असेल तर राऊटर जिवंत आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, यूपीएसचा स्वीच बंद करणं आजपासून थांबवा. पुरावा त्यातच जातोय. काउंटर मेमरीत असतात, बफरमधला लॉगही मेमरीत असतो, पॉवर गेली की दोन्ही गेले. तुम्ही सहा आठवडे रोज पंचनाम्याआधीच जागा धुऊन काढताय. लॉग एखाद्या सर्व्हरवर सिसलॉगने पाठवायला लावा, लॉगला तारीख आणि वेळ चालू करा, दोन्ही राऊटरची घड्याळं जुळवा. काउंटर दोन्हीकडे आजच क्लिअर करा. आणि पुढच्या वेळी पडला की स्वीचला हात लावण्याआधी हे घ्या: ‘शो इंटरफेसेस सिरीयल’ दोन वेळा, मध्ये दोन मिनिटं सोडून, कारण एक आकडा काही सांगत नाही, तो वाढतोय का ते बघायचं असतं. मग ‘शो कंट्रोलर्स सिरीयल’. मग ‘डीबग सिरीयल इंटरफेस’ एक मिनिटभर. आणि हे सगळं पलीकडच्या राऊटरवरही. लिंक पडल्यावर तुम्हाला तिकडे टेलनेट होणार नाही, म्हणून तिथे कोणाला तरी कन्सोल केबल लावून बसवा, फोनवर वाचून दाखवलं तरी चालेल. त्यानंतर आधी फक्त ‘शटडाऊन’, ‘नो शटडाऊन’ करून बघा. त्याने सुरू झालं की नाही हे लिहून ठेवा.

पॅकेट_मोजणारा:

तांब्याचीतार म्हणतात ते बरोबर, पण मी आत्ताच पैज लावतो की हा क्लॉकचा घोळ आहे. ई१ मध्ये दोन्ही टोकं इंटर्नल क्लॉकवर असली की फ्रेम स्लिप होतात, म्हणजे घड्याळं जुळत नाहीत म्हणून डेटाचा एक तुकडा गळतो किंवा दोनदा येतो. हिशोब सोपा आहे, २०४८००० बिट दर सेकंदाला, दोन घड्याळांत दशलक्षात एकाचा फरक असला तरी सेकंदाला दोन बिट सरकतात, एक फ्रेम २५६ बिटची, म्हणजे साधारण १२५ सेकंदांनी एक स्लिप. कन्व्हर्टरचे डिप स्वीच (सेटिंगचे बारीक स्वीच) बघा, ट्रान्समिट क्लॉक लाईनकडून घ्यायला हवा, इंटर्नल असेल तर तिथेच आजार सापडला.

रात्रपाळी:

दोघांचेही खूप आभार. कन्सोल नेहमी चालू असतो, लॉगिन होतं, ‘शो व्हर्जन’मध्ये शेवटचं रीस्टार्ट आम्ही स्वतः पॉवर दिली तेव्हाचंच दिसतं. हे मी आधी बघायला हवं होतं. फक्त सिरीयल ‘अप’ आणि लाईन प्रोटोकॉल ‘डाऊन’ असतो, आम्ही त्यालाच राऊटर गेला म्हणत होतो.

काल दुपारी अडीचला पडला. स्वीचला हात लावला नाही, फोन येऊ दिले. आकडे देते.

आमच्या बाजूला: इनपुट एरर ०, सीआरसी ०, कॅरिअर ट्रान्झिशन ०. कंट्रोलर म्हणतो व्ही-३५ डीटीई केबल, टीएक्स आणि आरएक्स दोन्ही क्लॉक मिळताहेत. डीबगमध्ये मायसीक वाढत जातो, युवरसीन पण वाढतो, पण माईनसीन एका आकड्यावर अडकून राहिलाय.

पलीकडे: क्लिअर केल्यापासून इनपुट एरर ४१ हजारांवर, त्यातले बहुतेक सीआरसी, उरलेले अबॉर्ट आणि फ्रेम प्रकारचे. दोन मिनिटांत आणखी सव्वाचारशे वाढले. त्यांच्या डीबगमध्ये माईनसीन आणि युवरसीन दोन्ही अडकलेले.

‘शटडाऊन’, ‘नो शटडाऊन’ केलं, काही फरक नाही. चार वेळा केलं. शेवटी साडेतीनला साहेबांनी स्वीच बंद करायला लावला, दहा मिनिटांनी चालू केला, लिंक वर.

कन्व्हर्टरचे डिप स्वीच दोन्हीकडे बघितले, क्लॉक लाईनवरच आहे, इंटर्नल नाही.

आणखी एक, पडायच्या आधी तासभर तरी मोठ्या फाईली अडकायला लागतात पण पिंग (पलीकडे पोचतंय का बघायचं छोटं पॅकेट) चालू असतो, दहात एखादाच हरवतो. हे कामाचं आहे का माहीत नाही.

पॅकेट_मोजणारा:

मग माझी पैज मी मागे घेतो. क्लॉक लाईनवर असेल तर स्लिपचा प्रश्न नाही, आणि तसंही स्लिपमध्ये एकेक फ्रेम ठराविक अंतराने जाते, एखाद-दुसरं पॅकेट खराब होतं, सलग तीन कीपअलाईव्ह मरून लिंक तासभर पडून राहत नाही.

तांब्याचीतार:

ताई, फार छान माहिती आणलीत, आता अंधारात चाचपडायचं कारण नाही. माझं वाचन असं आहे.

मायसीक म्हणजे तुम्ही पाठवलेल्याचा नंबर, युवरसीन म्हणजे पलीकडून आलेला नंबर, आणि माईनसीन म्हणजे तुमचा कुठला नंबर मिळाला हे पलीकडचा कळवतो तो. युवरसीन वाढतोय म्हणजे तिकडून इकडे रस्ता साफ आहे. माईनसीन अडकलाय म्हणजे इकडून तिकडे काही पोचत नाहीये. दोष फक्त तुमच्या पाठवण्याच्या दिशेत आहे. म्हणून तुमच्याकडे सीआरसी शून्य. राऊटर आलेलं तपासतो, पाठवलेलं पुढे कसं पोचलं ते त्याला दिसत नाही. तुमच्या आजाराचे डाग पलीकडच्याच्या कपड्यावर उमटतात. सहा आठवडे सगळे जण स्वच्छ बाजूचाच काउंटर बघत बसले, यात तुमची चूक नाही, बहुतेक जण हेच करतात.

फाईल अडकते पण पिंग चालतो, हे फार कामाचं आहे. कुठलं तरी साधन पूर्ण मेलेलं नाही, अधूनमधून एखादा बिट उलटा होतोय. समजा दहा हजारात एक बिट चुकतोय, तर १५०० बाईटच्या पॅकेटमध्ये १२ हजार बिट, दहातली सात पॅकेटं मरणार. शंभर बाईटचा पिंग बहुतेक वेळा निसटतो, आणि वीस-पंचवीस बाईटचा कीपअलाईव्ह तर शंभरात दोनदाच मरतो, म्हणून लिंक ‘अप’ दिसते. पुढे चुका वाढल्या की कीपअलाईव्हही मरायला लागतात आणि लाईन प्रोटोकॉल पडतो. तुमची लिंक अडीचला पडत नाही, ती एक-दीडपासूनच आजारी असते.

‘नो शटडाऊन’ने उठत नाही आणि दहा मिनिटं पॉवर बंद ठेवली की उठते. त्या स्वीचवर राऊटरशिवाय अजून काय काय बंद होतं? कन्व्हर्टर त्याच यूपीएसवर आहे का, आणि तो नक्की ठेवलाय कुठे? राऊटरपासून किती लांब? सहा आठवड्यांपूर्वी कोणी काही हलवलं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक लोक नाही असं देतात, म्हणून दोनदा विचारतो.

रात्रपाळी:

तुम्ही दोनदा विचारलंत म्हणून ऑफिसात जाऊन विचारून आले. हो, हलवलंय. सर्व्हर रूम दोन महिन्यांपूर्वी मागच्या खोलीत गेली. लाईन पूर्वीच्याच जागी येते, तिथे भिंतीवर लोखंडी कपाट आहे, बंद दाराचं, कन्व्हर्टर त्यातच राहिला. आधी राऊटर कपाटाखालीच होता, तीन मीटरची केबल होती. आता व्ही-३५ ला एक्स्टेन्शन जोडून नेलंय, फॉल्स सीलिंगमधून, मी मोजलं नाही पण १५ मीटरच्या आसपास भरेल. मला कोणी सांगितलंच नव्हतं, मी रात्रीच्या शिफ्टला असते.

आणि हो, स्वीच कपाटातच आहे, कन्व्हर्टरही त्याच्यावरच. बंद करायला मुलगा जातो तो दार उघडून तिथेच उभा राहतो दहा मिनिटं.

तांब्याचीतार:

दार उघडून. म्हणजे ते दहा मिनिटं थंड होतं!

आता सविस्तर सांगतो, कारण ही चूक मी स्वतः एकदा तीन आठवडे शोधली आहे. व्ही-३५ मध्ये कन्व्हर्टर राऊटरला ट्रान्समिट क्लॉक देतो. राऊटर त्या ठोक्यावर डेटा सोडतो. कन्व्हर्टर परत आपल्याच ठोक्यावर तो डेटा वाचतो. मधला प्रवास कोण मोजतो? ठोका १५ मीटर जातो, डेटा १५ मीटर परत येतो, तांब्यात मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद, म्हणजे ३० मीटरचे १५०, त्यात दोन्हीकडच्या ड्रायव्हर आणि रिसीव्हर चिपचा वेळ, तो वरचे ६० ते १०० धरा. २ एमबीपीएसला एक बिट ४८८ नॅनोसेकंद टिकतो आणि वाचायचा क्षण त्याच्या मध्यावर असतो, म्हणजे हातात फक्त २४४. तुम्ही जवळजवळ काठावर आहात. कन्व्हर्टर बरोबर तिथे बिट वाचतोय जिथे तो बदलत असतो. सकाळी गार असताना काठाच्या अलीकडे, दुपारी बंद कपाटात चिप तापल्या, त्यांचा वेळ थोडा वाढला की काठाच्या पलीकडे. ६४ केबीपीएसला हीच केबल कधी कुरकुरली नसती, तिथे एक बिट पंधरा हजार नॅनोसेकंदांपेक्षा जास्त टिकतो. व्ही-३५ मुळात ४८ केबीपीएससाठी लिहिलेलं होतं हे विसरायला नको.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, तपासा. दोन परीक्षा आहेत.

पहिली, दुपारी आजारी असताना एक्स्टेन्डेड पिंग, १५०० बाईट, प्रत्येकी हजार, डेटा पॅटर्न एकदा सगळे शून्य, एकदा एफएफएफएफ (सगळे एक), एकदा एएएए (एक-शून्य आलटून पालटून). काठावर वाचल्याने चूक तेव्हाच होते जेव्हा शेजारचा बिट वेगळा असतो. सगळे शून्य असतील तर काठावर वाचलं काय आणि मध्यावर वाचलं काय, शून्यच मिळणार. एएएए मध्ये प्रत्येक बिट बदलतो, तिथे कत्तल दिसायला हवी. एफएफएफएफ मध्ये एचडीएलसी दर पाच एकांनंतर एक शून्य घुसवतो म्हणून ते मधेच कुठेतरी पडेल. उलट लाईन कोडिंगचा दोष असता तर शून्यांचा पॅटर्न आधी मेला असता.

दुसरी, कन्व्हर्टरवर राऊटरकडे तोंड करून लूप लावा. इंटरफेस ‘लूप्ड’ दाखवेल, मग स्वतःच्याच सिरीयल आयपीला तेच पॅटर्न पिंग करा. पॅकेट कन्व्हर्टरपर्यंत जाऊन परत येईल, बाहेरची लाईन यात येतच नाही. तरीही एएएए मेला तर लाईनवाल्यांचा काही दोष नाही आणि राऊटरचाही नाही. लूप लावायला लिंक बंद पडेल, बिलिंगला आधी सांगून करा.

गेटवे२४:

वाचतोय. माझा सल्ला चुकीचा होता, तो टाकला असता तर हे काही दिसलंच नसतं. आमच्या लिंकवरचं ‘नो कीपअलाईव्ह’ आज काढलं, पलीकडचे सीआरसीही बघितले, आमच्याकडेही हजारांत आहेत. माझा वेगळा धागा काढतो.

रात्रपाळी:

दोन्ही परीक्षा केल्या, दोन वेगळ्या दुपारी.

पूर्ण लिंकवर, पडायच्या थोडं आधी: शून्य पॅटर्न हजारात ९८१ परत आले, एफएफएफएफ ६४०, एएएए २१२. शून्यात १९ का गेले ते आधी कळेना, मग लक्षात आलं की पॅकेटच्या हेडरमध्ये तर बदलते बिट असतातच.

लूप लावून: शून्य ९८४, एएएए २३०. बाहेरची लाईन नसताना! हे बघून मी खुर्चीतून उठलेच. लाईन खरंच क्लीन होती, त्यांचं बरोबर होतं आणि मी त्यांच्यावर फोनवर चिडले होते, उद्या फोन करून सांगते.

मग लूप तसाच ठेवून कपाटाचं दार उघडलं आणि टेबल फॅन लावला. वीस मिनिटांत एएएए ९९६. पॉवरला हात न लावता. तेव्हा मला शंभर टक्के पटलं.

आता दार उघडं ठेवून काम चालवतेय पण हे कायमचं नाही. केबल छोटी करणं सोपं नाही, राऊटर परत खाली आणायचा तर परवानगी लागेल, किमान पंधरा दिवस.

तांब्याचीतार:

तोपर्यंत दोन वाटा आहेत. कन्व्हर्टरच्या मॅन्युअलमध्ये बघा, ट्रान्समिट डेटा कुठल्या क्लॉकवर वाचायचा याचा डिप स्वीच असू शकतो. राऊटर डेटाबरोबर तोच ठोका परतही पाठवतो, एससीटीई म्हणतात त्याला, कन्व्हर्टरने त्या परत आलेल्या ठोक्यावर वाचलं तर केबल कितीही असो, दोघं एकत्रच उशिरा येतात आणि फरक उरत नाही. ही सगळ्यात चांगली वाट. तो स्वीच नसेल तर राऊटरच्या सिरीयल इंटरफेसवर ‘इन्व्हर्ट टीएक्सक्लॉक’, सगळ्या कार्डांवर ही कमांड नसते, तुमच्यावर आहे का बघा. त्याने राऊटर अर्धा बिट उशिरा डेटा सोडतो, वाचायचा क्षण काठावरून परत मध्यावर येतो. फक्त पलीकडच्या राऊटरवर नका टाकू, तिकडे काही बिघडलेलं नाही.

आणि केबल छोटी झाली की हा इन्व्हर्ट काढायला विसरू नका, तो १५ मीटरसाठी आहे, तीन मीटरवर ठेवलात तर हातातली जागा वाढायच्या ऐवजी कमी होईल.

रात्रपाळी:

उशिरा कळवतेय, माफ करा, आधी नीट चाललंय याची खात्री करायची होती. आमच्या कन्व्हर्टरवर एससीटीईचा स्वीच नाही, त्यामुळे ‘इन्व्हर्ट टीएक्सक्लॉक’ टाकलं, कमांड होती नशिबाने. मग मुद्दाम दार बंद केलं, फॅन काढला, दुपारी दोन ते चार मी स्वतः तिथे बसले. एएएए हजारात हजार. पलीकडचा सीआरसी काउंटर त्या दिवशी क्लिअर केला होता, आज अकरावा दिवस, आकडा शून्य आहे. पलीकडच्या काकांनी फोन करून सांगितलं की दुपारी तीनला एवढी शांतता त्यांनी बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती.

राऊटर खाली आणायची परवानगी मिळालीये, पुढच्या शनिवारी रात्री. तीन मीटरची जुनी केबल शोधून ठेवली आहे, त्या केबलला एक चिठ्ठी बांधलीये: लावल्यावर इन्व्हर्ट काढणे, एएएए पिंग हजार, पलीकडचा सीआरसी बघणे. चौथ्या राऊटरची मागणी रद्द केली, आधीचे दोन्ही राऊटर तपासले, दोन्ही ठणठणीत आहेत, एक आता स्पेअर म्हणून पलीकडच्या ऑफिसला पाठवतेय.

पॅकेट_मोजणारा:

शनिवारी शून्य आणि एएएए दोन्ही पॅटर्नचे आकडे इथे टाका, इन्व्हर्ट असताना आणि काढल्यावर. तीन मीटरला खरंच किती जागा उरते ते मला बघायचंय.

रात्रपाळी:

नक्की टाकते. कपाटाला वर जाळी पण कापून घेतेय त्याच दिवशी.